यंत्राचा तिसरा प्रश्न

—नको, ते खाली ठेव. तीनतोंडी गळ नकोच तुला. दिसतात झकास, मान्य आहे—पण तीन तोंडं म्हणजे तीन जखमा, एक ओठात, एक गालात आणि तिसरी कुठे होईल याचा नेम नाही, डोळ्यातसुद्धा घुसतो मेला. आणि उद्या तुला मासा तराजूवर जिवंत आणायचाय, वजन झालं की जिवंत तलावात सोडायचाय, एकेका मेलेल्या माशामागे पाव पौंड कापतात, ठाऊक आहे ना? असणारच. स्पर्धेचा पहिला दिवस मारलास आज, फळ्यावर सगळ्यात वर नाव तुझं—कोल्बी रस्क, वाचलं मी दुपारी—तुला मी काय शिकवणार? पण शिकवते. बेचाळीस वर्षं या धक्क्यावर दुकान आहे माझं. मिस वायनेल म्हण, अख्खं गाव तेच म्हणतं. एकेरी गळ घे. हा बघ. चकचकीत स्टेनलेस नको, तो गंजत नाही. हा तपकिरी घे—मासा कधी गळ पार घशात गिळतो, तेव्हा उपटाउपटी करायची नाही, दोरी कापायची आणि जा बाई म्हणून सोडून द्यायचा, मग हा गळ पोटातल्या पोटात गंजतो, गळून पडतो, मासा जगतो. स्टेनलेस असला तर बिचारा जन्मभर पोटात घेऊन फिरतो. हो, जन्मभर. माणसांचंही होतं तसं, पण ते जाऊ दे.

थांब, पक्कड कुठे गेली—ही. टोकाच्या आतल्या बाजूला हा उलटा काटा असतो ना, तो असा दाबून सपाट करून देते. मासा सुटेल म्हणतोस? दोरी ढिली सोडलीस तर सुटेल, ताठ ठेवलीस तर कशाला सुटतोय! आर्लिसचा एक सुटत नसे. आर्लिस म्हणजे माझा नवरा. तो भिंतीवर, तो टोपीवाला, हसतोय तो. मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करायचा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणायचा, आणि मग त्याला बुरशी धरते. सोडताना गुडघाभर पाण्यात उतरायचा, मासा दोन्ही हातांत धरून उभा राहायचा, त्याने स्वतः शेपटी मारेपर्यंत. लोक म्हणायचे, आर्लिस टिडमोर बायकोचा हात एवढ्या हळू धरत नाही. बरं, अळ्या कुठल्या हव्यात? रबरी. आज ओंडक्यांनी सगळ्या खाल्ल्या ना तुझ्या? खाणारच, धरण बांधलं तेव्हा जंगल न तोडताच बुडवलं त्यांनी, खाली झाडं उभीच आहेत अजून. मग गळाचं टोक अळीच्या पोटात लपवायचं, म्हणजे फांदीत अडकत नाही, मासा चावला की मगच बाहेर येतं. रंग? पाणी गढूळ आहे, काळा-निळा घे. लाल नको. लाल रंग माशांपेक्षा गिऱ्हाइकांना जास्त पकडतो, मी दर आठवड्याला खोकाभर विकते.

काय बघतोस? ती रिकामी खुंटी? तिच्यावर ढाल होती. स्पर्धेची. नऊ दिवस होती, पंचांचा निर्णय होईपर्यंत, मग परत नेली. तुला माहीत नसेल—किंवा असेलही. अकरा वर्षं झाली. आर्लिस पहिला आला होता, पाच मासे, साडेतेवीस पौंड, पाचही जिवंत, पाचही याच धक्क्यावरून त्याने आपल्या हाताने सोडले. आणि मग ते यंत्र. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसतो—मासे पकडायच्या स्पर्धेत खोटं पकडायचं यंत्र!—पण तू हसणार नाहीस, उद्या जिंकलास तर तुलाही त्याच खुर्चीत बसवणार आहेत, छातीला पट्टा, बोटांना तारा. पहिला प्रश्न, मासे आज या तलावातच पकडले का. दुसरा, वजन वाढवायला माशांच्या पोटात शिसं भरलं का. आणि तिसरा—सोमवारपासून आजपर्यंत मासे कुठे आहेत हे तुला कुणी सांगितलं का, सांगितलं असेल तर बाद. आर्लिस नाही म्हणाला, आणि सुई उडाली. तीनदा विचारलं, तीनदा उडाली. झालं! ढाल गेली, क्लबातून नाव गेलं, रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवायचा तो वीस वर्षं, तीसुद्धा काढून घेतली हातातून—गोड बोलून हं, आमच्याकडे अशी कामं गोड बोलूनच करतात, वर घरी पीच पाय भाजून पाठवून. होडी अंगणात उलटी पडली ती पडलीच. दोन वर्षांत माणूस गेला. डॉक्टर म्हणाला हृदय. हृदय कसलं, डॉयल गेदरने मारलं त्याला. हो, नाव घेऊन सांगते, मी कुणाला भिते?

हा डॉयल—दोस्त बरं का! आमच्या ओट्यावर बसून उकडलेल्या शेंगा खायचा, टरफलं माझ्या कुंडीत टाकायचा. तो गेला पंचांकडे. म्हणाला, आर्लिस सरळ माझ्या जागेवर आला, मी ज्याने धरत होतो त्याच आमिषाने धरले, ती जागा मी कुणाला सांगितलेली नाही, त्याला तिसरा प्रश्न जरा नीट विचारा. जरा नीट! अरे, हरलास तर हरलास, दुसऱ्याच्या तोंडाला काळं कशाला फासतोस? आर्लिसला गाडला त्या दिवशी डॉयल आला होता, टोपी छातीशी धरून, आणि मी सगळ्या गावादेखत त्याला सांगितलं—डॉयल, मी तुझं काही विसरणार नाही. म्हणजे आभार मानतेय असं वाटलं पाद्र्याला. डॉयलला मात्र कळलं. त्याला नऊ वर्षं झाली, दुकानाची पायरी चढला नाही. आणि मी अकरा वर्षं डूख धरून आहे, कुणापासून लपवत नाही. देवाला रोज सांगते, बाकीच्यांना माफ करायला लाव, त्याचं नाव तेवढं काढून ठेव.

आता तू म्हणशील, सुई काय उगाच उडाली? उडते! घाबरलं की उडते, घाम आला की उडते—आर्लिस खोटं बोलणारा नव्हता. जागा शोधायला कुणी सांगावं कशाला लागतं? डोळे असले की पुरे. या काउंटरमागे उभं राहिलं की अख्खा तलाव कळतो. त्या गुरुवारी डॉयलने काय घेतलं? सहा फिरक्या, पाण्यात गरगरणारी ती आमिषं, पांढऱ्या झालरीची, आणि मोठे एकेरी गळ. पांढरी झालर म्हणजे उथळ पाणी, छोट्या मासोळ्यांचे थवे. मोठा गळ म्हणजे दाट गवत. आणि बुटांना विटकरी चिखल, तो तर फक्त जुन्या वीटभट्टीच्या काठाला. झालं की! जेवताना मी आर्लिसला म्हटलंच, अरे, डॉयलला भट्टीच्या गवतात सापडलेत, तू पांढरी फिरकी घेऊन जा, मी ठेवलीय तुझ्या पेटीत—

काय? काय म्हटलं मी? काही नाही. जेवताना माणूस बोलतो. कॉर्नब्रेड वाढता वाढता बोलले, त्याला काय माहिती सांगणं म्हणतात? त्याने ‘हं’ केलं, बस्स. मला वाटलं ऐकलंही नसेल. आणि नियम काय मी केले? मग यंत्रावर सरळ हो म्हणायचं होतं त्याने! बायकोने सांगितलं म्हणायचं! पण मग त्यांनी दुकान बंद केलं असतं, इथे स्पर्धेच्या आठवड्यात खबर देणाऱ्या दुकानातून कुणी दोरीसुद्धा घेत नाही. ते त्याला कळत होतं. म्हणून नाही म्हणाला. घरी आला, मला म्हणाला, यंत्र बिघडलंय त्यांचं, वायनेल, कॉफी कर. मी केली. त्यानंतर त्याने विषय काढला नाही, मी काढला नाही. आणि तू असा बघू नकोस माझ्याकडे! डॉयलने तोंड मिटलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? त्याचंच पाप आहे ते. त्याचंच.

ऐक आता. तुझ्या मागे दुसरा आहे ना, मिसिसिपीहून आलेला, अठरा पौंडवाला, तो सकाळी आला होता इथे—हात कशाला वर करतोस? ‘नको मॅम’ काय? ऐक म्हटलं ना! त्याने बारीक गळ घेतले, सगळ्यात लहान, आणि शिशाचे जड गोळे. म्हणजे खोल पाणी. आणि विचारत होता, धरणाआधी माणसं नदीपार नेणारा जुना तराफा कुठे लागायचा. मासे त्या तराफ्याच्या वळणावर आहेत, पंचवीस फुटांवर, बुडालेल्या रस्त्याच्या कडेला. पंचवीस फूट. जुना तराफा. बुडालेला रस्ता. कान झाकून काय होतंय, ऐकलंस तू, गेलं आत.

हो, मुद्दाम. मुद्दाम सांगितलं. तुला काय वाटलं, तू कोण ते मला कळलं नाही? दुसरं दुकान सहाला बंद होतं म्हणून इथे आलास, आणि वाटलं म्हातारीला काय कळतंय. आईचं आडनाव लावलंस, टेनेसीत वाढलास, बोलणंही तिकडचं झालंय. पण आत आल्या आल्या गळ उचललास आणि अंगठ्याच्या नखावर टोक ओढून धार बघितलीस, डोळा बारीक करून, जीभ गालात घालून. ते तुझ्या आईचं नाही. ते डॉयल गेदरचं आहे. आज धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता तुझा बाप, काठी घेऊन, जो भेटेल त्याला सांगत होता, माझा मुलगा, माझा मुलगा. उद्याही बसेल, पहिल्या रांगेत. बसू दे! उद्या तू जिंक, कोल्बी. मनापासून सांगते, जिंक. मग तुला त्या तंबूत नेतील, पट्टा बांधतील, तारा लावतील आणि तिसरा प्रश्न विचारतील. जरा नीट विचारतील. काय सांगशील? त्या वळणावर तू गेला नाहीस तरी काय सांगशील? प्रश्न मासे पकडलेस का हा नाहीये, प्रश्न तुला कुणी सांगितलं का हा आहे. आणि बाहेर तुझा बाप वाट बघत असेल ढालीची. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय. एवढंच मागितलंय मी अकरा वर्षं, जास्त नाही.

बोल ना. शिव्या दे. बापासारखा पंचांकडे जा, म्हण म्हातारीने फसवलं—

कुणाला लावतोस फोन? ए, कुणाला? पंचांना? लाव, लाव, मला कसली भीती. सांग त्यांना... काय म्हणतोस हे? ‘मी स्पर्धेतून बाहेर पडतोय’? अरे, पहिला आहेस तू! साडेतीन पौंडांनी पुढे आहेस! वेडा आहेस का रे? कुणाला कळणार होतं तू आधीच सांगितलं नसतंस तर, निदान उद्या सकाळपर्यंत विचार तरी—‘कानावर आलं, सर. हो, जागा. हो, आजच.’ अगं बाई. बघ कसा सरळ बोलतोय. आता विचारतील. विचारलं ना? कुणी सांगितलं विचारतायत ना? सांग मग. माझ्याकडे काय बघतोस, उत्तर दे त्यांना!

‘ते नाही सांगणार, सर.’

नाही सांगणार? का नाही सांगणार? मी काय लागते तुझी? मी तुला खड्ड्यात घातलंय, पोरा, जाणून बुजून घातलंय, माझं नाव घे! दुसऱ्यांदा विचारतायत, ऐकू येतंय मला इथवर, म्हणतायत नाव नाही दिलंस तर तुलाच कायमचं बाद करू. घे नाव! वायनेल टिडमोर म्हण, धक्क्यावरचं दुकान म्हण! दे तो फोन इकडे, मी सांगते, मीच सांगितलं म्हणावं, आत्ताही आणि तेव्हाही, आर्लिसलाही मीच—इकडे दे म्हणते ना! डॉयल खरं बोलला होता, सांगू दे मला त्यांना—

ठेवलास? ठेवलास फोन?

...

ते गळ राहू देत. नाही, पैसे नकोत. रागावून नाही म्हणत, राहू देत नुसते. आणि दारात उभा राहू नकोस असा. जा. जा ना रे बाबा, दुकान बंद झालंय.