खालची ओळ

नाही नाही काका, तिथं नको, त्या खुर्चीचा पाय हलतो—इकडे सोफ्यावर बसा, टीव्हीसमोर. त्या वायरी सरकवा बाजूला, काही होत नाही त्यांना. चार मजले चढून आलात, दम लागला असेल, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट कुठली यायला! सोनम, पाणी आण गं, खांदेश्वरचे रावसाहेब काका आलेत, ते कॅसेटवाले! बायको माझी. वैतागलीय या सगळ्याला, पण तुमचं काम आहे म्हटल्यावर गप्प आहे. हे कपाट बघताय? टीव्ही गेमच्या कॅसेटी, तीनशेच्या वर. नव्वद-पंच्याण्णव साली घरोघरी असायच्या बघा, पिवळ्या, काळ्या, ना कंपनीचं नाव ना पत्ता—कुणी बनवल्या, कुठून आल्या, देव जाणे. आता भंगारात चालल्यात. मग मी काय करतो, आतला गेम कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. उद्या कॅसेट मेली तरी गेम जिवंत राहतो. पैसे? छे हो, कोण देतंय! दिवसभर ऑफिसात फायली सरकवायच्या आणि रविवारी हे. सोसायटीत मला येडा म्हणतात, तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. पण जगभरात आमच्यासारखे आहेत ना शे-दोनशे येडे, पोलंडमधे, ब्राझीलमधे, तिथं आपल्याला मान आहे.

तुमची कॅसेट—म्हणजे तुमच्या पोरीची, क्रांतीची—ती तर कुणाकडेच नव्हती, माहितेय? कुठल्याच यादीत नाही. गाठोडं घेऊन चालणारं बदक, वर चिनी अक्षरं, आणि आत बॅटरी! बाकीच्या कॅसेटी टीव्ही बंद केला की सगळं विसरतात, ही लक्षात ठेवायची. कुणी खेळलं, कितव्या घरापर्यंत, म्हणजे लेव्हलपर्यंत, पोचलं. म्हणून तर तिचं नाव राहिलं ना त्यात. तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा मला आधी कळेचना—दरवर्षी तिच्या स्मृतिदिनाला वंदना झाली की तुम्ही नि काकू गेम लावता, खेळत नाही, नुसतं नाव बघता आणि बंद करता. वीस वर्षं. चौदा वर्षांची पोर, कावीळ काय होते, आठ दिवसांत... सोनमला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटता थांबली. आणि मग जुना टीव्ही गेला, नव्याला ती पिन लागेना, आणि कुणीतरी तुम्हाला म्हणालं की बॅटरी संपली की नावही जाईल. बरोबर म्हणाला तो. म्हणून तुम्ही आलात. योग्य माणसाकडं आलात असंही मी म्हणालो होतो, नाही का? म्हणालो होतो.

हं, तर बघा, ही छोटी डबी. नव्या टीव्हीला मागून लावायची, बटण दाबायचं, बस्स. सगळं आत आहे. येत्या एकवीस तारखेला, तिच्या स्मृतिदिनाला, काकूंना काही टेन्शन नको. लावतो हं... हे आलं बदक. आणि आता—हे. चष्मा पुसा, पुसा, घाई नाही. के-आर-ए-एन. चारच अक्षरं बसतात ना त्यात, म्हणून क्रान. पुढं सात. सातवं घर. फोनवर तुम्ही सांगितलं होतं तसंच, आहे की नाही?

अहो काका, हात काय जोडता टीव्हीला! ...काय? खालची ओळ? खाली... खाली कुठं काय—हां! ते असं होतं काका, जुने टीव्ही वेगळे, हे नवे वेगळे. नव्या टीव्हीवर चित्राची खालची कड कापली जाते. आत आहे ते, जात नाही कुठं, नुसतं दिसत नाही. हो. सगळ्यांचंच होतं. नाही, त्याला काही इलाज नाही.

अहो, सॉरी काय म्हणताय! तुम्ही मला सॉरी—विचारलंत तर काय झालं, तुमची वस्तू आहे. हे काय? धपाटे? काकूंनी एवढ्या लांबून... आणि माझ्यासाठी पहाटे उठून? नको, काका. नाही, आवडतात, पण नको. ठेवा तो डबा पिशवीत. ठेवा म्हणतो ना! बसा. तुम्ही बसा, मीच उभा राहतो.

ते नाव तिचं नाही.

म्हणजे नाव तिचंच, पण मी टाकलंय. मी, या बोटांनी. ऐका, मधे बोलू नका काका, नाहीतर मी परत काहीतरी थाप मारीन, मला सवय लागलीय गेले तीन आठवडे. त्या रविवारी दुपारी तुमची कॅसेट उघडली. आमच्यात पहिला नियम काय? पोरंसोरंपण सांगतील. बॅटरीवाली कॅसेट असेल तर आधी आतलं नाव-आकडे उतरवून घ्यायचे, मग स्क्रूला हात लावायचा. मला माहीत होतं. मी स्वतः दहा जणांना हे शिकवलंय, चुकले तर शिव्या घातल्यात. पण ती कॅसेट कुणाकडंच नव्हती ना! मला आतल्या चिपचा फोटो हवा होता, त्या पोलंडवाल्यांना दाखवायला. चिपवर नंबर होता आणि नेमकी बॅटरी आडवी आलेली. मी म्हटलं, दोन मिनिटं. सोल्डरिंग गन लावली, बॅटरी उचलली, फोटो काढला. छान आला हो फोटो, एकेक अक्षर दिसतंय. टाकला लगेच. लोकांच्या उड्या पडल्या, कुठे मिळाली, कशी मिळाली, आणि मी इथं पाय पसरून, चहा पीत, एकेकाला उत्तर देतोय. अर्धा तास. अर्ध्या तासानं बॅटरीकडं लक्ष गेलं. टेबलावर पडली होती, चमच्याशेजारी. परत लावली. लावून काय होतंय? कोरं. दोन्ही ओळी कोऱ्या असणार, पण मला दोन होत्या हेच माहीत नाही. गेम लावून बघितलाच नव्हता मी एकदाही. तुमच्या पोरीचं नाव मी बघितलेलंच नाही.

मग तुमचा फोन. झालं का म्हणून. आणि मी म्हटलं, होत आलंय, फक्त नाव कसं लिहिलं होतं ते एकदा सांगा. तुम्ही किती आनंदानं सांगितलंत! क्रान, आणि सात. कॉम्प्युटरवर नाव-आकडा नुसता टाकूनही चाललं असतं, दोन मिनिटांचं काम. पण त्याची लाज वाटली—बघा, कशाची लाज वाटावी माणसाला! म्हणून खेळलो. ऑफिसला दांड्या मारून चार दिवस खेळलो, सातव्या घरापर्यंत. लई अवघड आहे हो. पाचव्या घरात पाणी वर चढत येतं आणि गाठोडं टाकलं तरच बदक वाचतं, पण गाठोडं टाकलं तर पुढचं दार उघडत नाही. मला चाळीस वेळा मरावं लागलं. ती चौदा वर्षांची, एकटी, सांगणारं कुणी नाही. हुशार होती पोरगी. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मला तिच्याबद्दल कळलेलं एवढंच आहे.

शिव्या द्या. बापाच्या वयाचे आहात, एक कानाखाली ठेवा, सोनम काही बाहेर येणार नाही.

बरं, खाली काय होतं? दुसऱ्या ओळीत? ...बाबा? बी-ए-बी-ए. चार अक्षरं, बरोब्बर बसतात. आणि पुढं? ...एक. एकच? म्हणजे पहिलंच घर. तुम्ही खेळला नाहीत कधी. ...ड्युटीवरून आल्यावर बघू, म्हणायचात. हं. ती म्हणाली, तुमचं नाव घालून ठेवलंय, कधीही या. आणि नंतर? इतकी वर्षं समोर दिसत होतं तर एकदाही बटण... हो. दाबलं असतं तर एकचं काहीतरी दुसरं झालं असतं. कळलं. कळलं मला.

मी घालतो काका. आत्ता, अर्धं मिनिट, बी-ए... नको? नाही, मी आपलं... हो. तिनं घातलेलं होतं ते. हात काढला, हा बघा, काढला हात.

निघालात? कॅसेट ही, फडक्यात बांधलीय. डबी... डबी पण नेणार? तुम्हाला सगळं माहीत असून? ...काकूंना नाही सांगणार. अहो पण काकू विचारतील ना! वीस वर्षं दोन ओळी बघितल्यात त्यांनी, एकवीस तारखेला एकच दिसल्यावर त्या...

काय? कसलं परत सांगू? ...ते टीव्हीचं.

काका, नको ना. ...बरं. नवे टीव्ही वेगळे असतात. चित्राची खालची कड कापली जाते. आत आहे, नुसतं दिसत नाही. ...हो, सगळ्यांचंच होतं, असं काकूंना म्हणायचं. ...इलाज नाही, म्हणायचं.

परत एकदा? खालची कड कापली जाते. हां, बरोबर म्हणालात. तसंच.

जपून उतरा. दुसऱ्या मजल्यावर दिवा नाहीये.