ताहिराभाभींच्या दारचा नळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय श्री. धर्मराज भगत, व्यासपीठावर, म्हणजे पार्किंगमधल्या या सतरंजीवर, विराजमान झालेले सेक्रेटरी श्री. स्वानंद केतकर, आईला न्यायला दुबईहून खास आलेले चिरंजीव तौसीफ, सत्कारमूर्ती आदरणीय ताहिराभाभी, आणि माझं भाषण लांबू नये म्हणून मनोमन प्रार्थना करत समोर बसलेल्या तमाम बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण अध्यक्षमहाराज, अविनाश पोंक्षे पाण्याच्या विषयावर दोन शब्दांत थांबला, असं उभ्या पनवेलात कधी घडलंय का? विषय पाण्याचा नाही, निरोपाचा आहे, असं स्वानंदरावांनी मला जिन्यातच बजावलं. तरी तुम्ही हसताय, म्हणजे मी कुठे घसरणार हे तुम्हाला ठाऊक आहे.

नव्या भाडेकरूंसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे नळाचं पाणी दिवसाआड येतं, बाकीची भिस्त बोअरवर. टाकीत दोन्ही एकत्र होतात. या बोअरच्या पाण्याचे गुण काय वर्णावेत? साबणाला फेस नाही, नळांवर पांढरी पुटं, आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ कुकरमधून जशीच्या तशी बाहेर. मात्र तळमजल्यावर भाभींच्या मागच्या दाराशी एक नळ आहे. त्याचं पाणी टाकीत न जाता थेट रस्त्यावरच्या लाइनमधून येतं. त्यामुळे आपल्या बिल्डिंगचा रिवाजच पडून गेला होता. पाण्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक घरचं एक पातेलं भाभींच्या दारात. डाळीपुरतं पाणी न्यायचं. भाभींचे यजमान दाऊदभाई होते तेव्हा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाला विचारत, "आज आमटी का वरण?" एकादशीला कोणी पातेलं घेऊन उतरलं, तर त्या घरातला उपास मोडतोय हे आधी त्यांना कळायचं. पण चहाडी त्यांनी कधी केली नाही हो!

माझ्यासारख्या विद्वानाला हे सगळं मागासलेलं वाटायचं. माझ्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण पाणी किती जड आहे ते मोजायचं मीटर असायचंच. नेऱ्याला एका फार्महाऊसवर लग्न होतं, तिथे मी ते वधूपित्याच्या देखत सरबतात बुडवलं. त्या घरातून पुन्हा आमंत्रण आलेलं नाही.

मग मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून मी सॉफ्टनर मंजूर करून घेतला. म्हणजे जड पाणी हलकं करणारं मशीन. ते मधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं आणि ते खारं पाणी गटारात सोडायचं असतं. पहिल्याच वेळी अस्मादिकांनी कॉक उलटा फिरवला. खारं पाणी थेट टाकीत! सकाळी घरोघर चहा फाटला. आपले वॉचमन बुधाजी, मूळचे चिरनेरचे, चूळ भरून माझ्याकडे आले नि म्हणाले, "सायेब, टाकीत खाडी शिरली काय?" अख्ख्या बिल्डिंगने माझं मीठ खाल्लं, पण त्याला जागलेला एकही इसम मला अजून दिसलेला नाही.

पुढे मशीन नीट चालू झालं, पण माझ्या मीटरचा आकडा काही हलेना. मी मीटर झटकलं, सेल बदलले, कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं. शेवटी आमची रुचिरा म्हणाली, "बाबा, पाणी किती जड आहे ते हे मीटर दाखवतच नाही. पाण्यात एकूण क्षार किती, तेवढंच दाखवतं." म्हणजे इतकी वर्षं मी जे काय मिरवत होतो... जाऊ द्या. तेवढ्यात बाथरूममधून आमच्या सौ. नीताचा आवाज आला, "अहो, केसांचा फेस जातच नाहीये!" तेव्हा कळलं की मी जिंकलोय. घरोघर डाळ शिजू लागली आणि मी छाती फुगवून जिने चढू-उतरू लागलो.

गेल्या आठवड्यात आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी भाभींकडे गेलो. कौतुकाची हाव काही सुटत नाही. विचारलं, "भाभी, मशीन कसं वाटतंय?"

भाभी म्हणाल्या, "पाणी तर मस्त झालंय, माशाल्ला. पण आता दरवाजावर कोण येत नाय, अविनाशभाऊ. तौसीफचे अब्बा गेले, तरी त्या पातेल्यांच्या आवाजानं माझी सकाळ व्हायची. आता घर खायला उठतंय. तौसीफ बोलावतोय, तर जाते."

मी चहा अर्धा टाकून वर आलो आणि रडलो. खोटं कशाला बोलू? दाऊदभाई गेले तेव्हा आपण सगळ्यांनी भाभींना सांगितलं होतं, "काळजी करू नका, आम्ही आहोत." आणि डाळ शिजायला लागल्यावर कोणीही खाली उतरलं नाही. मीही नाही.

तौसीफ, आईला घेऊन जाणं हा तुझा हक्क आहे. तिकीट रद्द कर म्हणणारा मी कोण? पण भाभी केवळ दारी कोणी येत नाही म्हणून जाणार असतील, तर मला हे पाहवणार नाही. म्हणून चेअरमनसाहेबांना न विचारता मी एक आगाऊपणा केला आहे. आज दुपारी मशीन बंद केलं. वरच्या टाकीत आता आपला जुना बोअर पडतो आहे. स्वानंदराव, कंपनीला फोन करू नका, बिघाड मी स्वतः केला आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. उद्या ज्यांच्या घरी डाळ शिजणार नाही, त्यांची आत्ताच माफी मागून ठेवतो.

भाभी, उद्या पाण्याचा दिवस आहे. मागचं दार उघडाल ना?