एक्क्याण्णव टक्के विश्वास

— नाही, नाही, ताटावर हात आडवा घालू नकोस. नीता, वाढ गं त्याला श्रीखंड, तो नको म्हणतोय तिकडे लक्ष देऊ नकोस. पुण्याचा मुलगा आहे, याच्या पहिल्या 'नको'ला काय अर्थ? आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे संकोच, दुसरं म्हणजे रीत, तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतो. हे मी कामातही पाळलं, रुचिर. तुला ठाऊक नसेल, तुझ्यापर्यंत नुसते आकडे आले.

म्हणजे बघ — तो आपला बाल्कनमधला देश. नाव घेऊ नकोस, आमच्या कॉन्डोच्या भिंती पातळ आहेत. त्यांच्या मंत्रालयाला हवं होतं काय, तर जनतेचा गुप्तचर खात्यावर विश्वास किती. का हवं होतं? तर गुरुवारी संसदेत कायदा येतोय, कोर्टाला न विचारता कुणाचाही फोन ऐकायचा. लोकांनाच चालतंय म्हटल्यावर विरोधक काय बोलणार? लोकशाहीच आहे ती, लोकांना विचारूनच करतायत. आता आपण सर्व्हेचे फोन केले, तर निम्मे लोक म्हणाले, उत्तर द्यायचं नाही. निम्मे. असला अहवाल कोण घेणार? मग मी सूचना लिहून पाठवली — तीनदा विचारा, प्रेमाने विचारा, आणि मंत्रालयाच्या नंबरवरून करा, म्हणजे विचारणारा कुणी भुरटा नाही अशी लोकांची खात्री पटेल. पटली. एक्क्याण्णव टक्के.

आता तू अहवालाखाली टीप टाकलीयस, की पहिलंच उत्तर धरलं तर हा आकडा निम्म्यावर येतो. चांगली टीप आहे, भाषाही स्वच्छ आहे. ती काढ, आणि विश्लेषक म्हणून सही कर. माझी चालत नाही — काम मी मिळवलं ना, मिळवणाऱ्याने तपासायचं नाही असा ऑफिसचा नियम आहे. योग्य नियम आहे, मीच केलाय.

मान कशाला हलवतोस? पुरी गरम आहे, घे. मी जबरदस्ती करणारा माणूस नाही, नीताला विचार. तुझा इथे राहून काम करायचा पास रिन्यूअलला आलाय, तुझी ऋचा आत्ता कुठे शाळेत रुळतेय, कागद माझ्याच टेबलावर आहेत — तो विषय वेगळा. जेवताना सहज निघाला.

तू ती रेकॉर्डिंगं ऐकलीस? मी एकच ऐकलं, भाषांतर करून घेतलं. म्हातारी बाई होती. आधी म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. परत विचारलं तर म्हणाली, तुम्ही कुठून बोलताय? आपला माणूस म्हणाला, मंत्रालयातून — खोटं नाही बोलला. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, 'आहे, आहे, माझा पूर्ण विश्वास आहे, तुम्ही नेलेला माझा मुलगा आता घरी येईल ना?' — ती 'पूर्ण विश्वास'मध्ये गेली. पुढच्या वाक्याला रकाना नव्हता. मी शोधला, खरंच शोधला. पुढे नुसता फोन ठेवल्याचा आवाज. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, फार वाईट वाटत राहिलं — हे नीताला माहीत नाही, तिला वाटलं पित्त झालं. पण एका बाईच्या मुलासाठी काय आख्खा अहवाल थांबवायचा? नाही थांबवत कोणी.

तर करतोस ना सही?

बरं. नको तर नको. पाणी घे.

करशील ना रे? — विचार करतो म्हणजे काय, उद्या अहवाल जायला हवा. तुला इथे आणलं कोणी? पहिले पंधरा दिवस या घरात राहिलास, मी काय परका आहे? बरं, सहीचं सोड. एवढंच सांग, माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?

आहे? बघ, किती सोपं होतं. करतोस ना मग सही — करतोस. छान. नीता, ऐकलंस का, तयार झाला तो, मी म्हटलं नव्हतं —

काय म्हणालास? पास आता होईल ना?



मी दोन्ही जोडलं कुठे होतं, रुचिर? कधी जोडलं?

नाही, बोलू नकोस आता काही. ऊठ, हात धुऊन घे. तुझ्या घराकडची, बुकित पंजांगची बस मिळेल तुला.