ओली फरशी

छातीच्या दवाखान्यात वडिलांचा नंबर लावून लेक परतली, तर शेजारी बसलेला माणूस त्यांच्याशी बोलत होता.

"साहेब, दगड कापायच्या कारखान्यात तुम्ही धूळ तपासायला आला होतात ना?"

"हो. हवा अगदी स्वच्छ निघाली होती."

"निघणारच. मालकाने यंत्रं बंद ठेवली अन् फरशी आमच्याकडून धुऊन घेतली."

"मला कळलं होतं. फरशी ओली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी आणखी तीन कारखाने उरकायचे होते. तुम्ही तरी सांगायचंत."

"नोकरी गेली असती. धाकटा भाऊही तिथंच होता."

"आता कसा आहे?"

"हा काय, भिंतीला टेकलाय. डॉक्टरांनी बोलावलंय, पण त्याला चालवत नाही. एका बाजूने धरता?"

लेक पुढे झाली, पण वडील आधीच उठले होते.