सुजातापेक्षा मोठी लेजर

(मरोदा, भिलाई. राजदीपच्या घराची गच्ची, नुकताच अंधार पडलेला. पाहण्यासाठी दुकानातून आणलेल्या दोन लेजर लाइटा स्टुलांवर ठेवल्या आहेत, एक लहान, एक मोठी. दुकानाचा माणूस सुखराम वायरी जोडतोय. राजदीपची बायको सत्यशीला गावोगावी फिरणाऱ्या त्यांच्या भीमगीत पार्टीची गायिका आहे. ती आत्ताच वर आली आहे.)

सत्यशीला : ते लहानी परत नेऊन टाक, सुखराम. मी तं तिच्याकडं पाहतही नाही.

राजदीप : अवं, लावली कुठं अजून? लागायच्या आंधीच नापास केली तुनं.

सत्यशीला : सुजाताजवळ कितीची आहे?

राजदीप : मले काय माहीत?

सत्यशीला : सांगा ना. लाइट-साउंडवाले तुमी. दुर्गपासून गोंदियापर्यंत कोणाच्या स्टेजवर काय लटकून राहिलं ते सगळं ठाऊक असते तुमाले. माह्या मावशीच्या पोरीचंच तेवढं ठाऊक नाही?

राजदीप : असन चार वॉटची.

सत्यशीला : आन् हे मोठी?

सुखराम : दस वॉट, दीदी. लहान वाली चार. दोन्हीत तिन्ही रंग आहे. पर दीदी, मोठी वाली भारी बहुत है, चार आदमी लगते टांगायला.

सत्यशीला : चार काय, आठ लावू. आपली दहाची पायजे.

राजदीप : अवं, जराक ऐक. आपल्याले गावोगावी न्यायची आहे. छोट्या हत्ती टेम्पोत टाकून बालाघाटच्या रस्त्यानं नेली, तं आतले आरसे हलून जाते. मंग गोल काढा म्हणलं का बटाटा काढते. लहानी बिचारी धक्के खाऊन घेते. आन् जनरेटरवर मोठी कुरकुर करन.

सत्यशीला : कुरकुर तं मीही करतो. मले नेता ना गावोगावी? स्मृती नगरच्या चौकातलं पोस्टर पाह्यलं का तुमी?

राजदीप : पाह्यलं.

सत्यशीला : बाबासाहेबाचा फोटो एवढासा आन् सुजाताबाईचा एवढा. मागं निळे-निळे पट्टे. जयंतीचा स्मृती नगरचा कार्यक्रम आपला होता. दरसाल आपला. यंदा तिथला कमिटीवाला भाऊराव मले काय म्हणे, ‘ताई, आवाज तुमचाच. पण तिच्यापाशी लेजर आहे, पोरं तेच मागून राहिले.’ आवाज माह्या आन् कार्यक्रम तिले! माह्या कोरसमध्ये टाळ्या वाजवत होती ते. टाळीही तालात नोती पडत तिची.

राजदीप : झालं ते झालं. सुखराम, लाव रे. नंदिनीकडं तोंड नोको करू, तिकडं विमानपट्टी आहे. टाकीवर मार. आन् खाली कोणाच्या डोळ्यात गेली नाही पायजे.

सुखराम : पहले छोटी वाली. ये हिरवा... ये लाल...

सत्यशीला : निळा दाखव. निळ्याबिगर आपल्या स्टेजवर काय कामाचं?

राजदीप : निळा डोळ्याले कमी दिसते. हिरवा जराकसा असला तरी बोंबलते. निळ्याले खूप वॉट लागते, तवा कुठं तो उठून दिसते.

सत्यशीला : म्हणजे चार वॉटवाल्या सुजाताचा निळा फिक्काच असन.

राजदीप : असन.

सत्यशीला : असन नाही, असनच! आता मोठी लाव.

सुखराम : लो दीदी.

सत्यशीला : अगं माय! केवढा जाड! दोरावानी. कपडे वाळू घालावं असं वाटते त्याच्यावर. बस, हेच. मले आता दुसरं काई पाहायचं नाही.

सुखराम : दीदी, मैं दुकानवाला हूं, पर सच बोलता हूं. धोका मत खाना. ही मरोद्याची हवा आहे. प्लांटची धूळ, धुआं, सब इसी में. यहां तो टॉर्च मारो तो भी लेजर दिसते. पिछली बार इसी छत पे छोटी वाली भी ऐसीच मस्त दिखी थी. धुएं की मशीन ली नहीं, और डोंगरगड के मैदान में लगाया तो... भैया, याद आहे ना? साफ हवा. कुछ भी नहीं दिखा.

राजदीप : सुखराम, ते वायर पाह्य, गरम होऊन राहिली.

सत्यशीला : वायर राहू द्या. याच गच्चीवर?

सुखराम : मैं जरा नीचे गाडी देख के आता हूं, रास्ते में लगी है.

सत्यशीला : थांब. मागच्या वेळी या गच्चीवर कोणाची लेजर होती?

सुखराम : दूसरी पार्टी की, दीदी.

सत्यशीला : पार्टीले नाव असन ना.

सुखराम : दीदी, मैं तो दुकान का आदमी. छोटी दीदी की. सुजाता दीदी की. भैया, मैं नीचे हूं.

राजदीप : तू समजतं तसं काई नाही.

सत्यशीला : मी अजून काईच समजून नाही राहिली. तुमी समजावा. केव्हाची गोष्ट?

राजदीप : तू भंडाऱ्याले गेली होती. मायच्या मोतीबिंदूच्या वेळी.

सत्यशीला : वा! मी तिकडं मायच्या डोळ्यात थेंब टाकून राहिली, आन् इकडं तुमी सुजाताच्या डोळ्यापुढं लेजर नाचवून राहिले.

राजदीप : ते आली, म्हणे, भाऊजी, मले यातलं काई समजत नाही, दुकानवाला फसवन. मी पाहून देल्ली. तिचा लाइटवाला भूषण होता, ढोलकीवाला देवाजी होता, तो तं दोन्ही पार्टीत वाजवते. चार लोक होते गच्चीवर.

सत्यशीला : चहा कोणी केला?

राजदीप : आता चहाचं काय मंधात?

सत्यशीला : चार लोक आले तं चहा झाला असन. कोणी केला?

राजदीप : तिनंच केला.

सत्यशीला : माह्या गॅसवर.

राजदीप : मंग का शेजाऱ्याच्या गॅसवर करन?

सत्यशीला : म्हणून साखरेचा डबा खालच्या फळीवर सापडला मले! मी म्हणलं, उंदरानं पाडला का काय. बुटकी आहे ना ते, तिले वर ठेवता नाही आला. आन् तुमी तोंडातून शब्द नाही काढला.

राजदीप : कावून की तू हेच करशीन, हे ठाऊक होतं मले.

सत्यशीला : मंग, डोंगरगडले काय झालं?

राजदीप : काय होते? इथं गच्चीवर झकास दिसली. मीही फसलो. एवढी वर्षं मरोद्यात काढली, हवेत धूळ असते हे डोक्यातच नाही राहिलं. मेळाव्यात बटन दाबलं, तं बीम-बीम, पट्टा-बिट्टा काई नाही, समोरच्या झाडावर फकस्त एक टिपका.

सत्यशीला : टिपका?

राजदीप : हिरवा टिपका. पोरं हासाले लागले. मंग देवाजीनं स्टेजच्या मागं गोवऱ्या पेटवल्या.

सत्यशीला : गोवऱ्या! आन् ते?

राजदीप : खोकलली. पयलं कडवं खोकलण्यातच गेलं.

सत्यशीला : बाप्पा! हे मले कावून नाही सांगितलं तुमी? वर्षभर मी कुढून-कुढून अर्धी झाली. एवढं सांगितलं असतं तं रातच्याले झोप तरी लागली असती.

राजदीप : हासली एकदाची. मंग तिनं धुराची मशीन घेतली, आता बराबर चालते. चाल, ठरवू कोणती ठेवायची.

सत्यशीला : थांबा, माह्यं झालं नाही. मी वर्षभर मागितली तं म्हणे, ‘आपल्याले कशाले पायजे?’ तिनं एकदा मागितली तं गच्ची, चहा, सगळं हजर. तिच्या आंगावर इंद्रधनुष्य आन् माह्या तोंडावर तुमची ते एक पिवळी लाइट. लग्न झाल्यापासून तेच! हळद लावून बसवल्यावानी.

राजदीप : कावून लावतो पिवळी, हे कधी विचारलं?

सत्यशीला : सस्ती पडते म्हणून.

राजदीप : त्यात तुह्यं तोंड दिसते म्हणून. लेजर लागली का लोक वर पाहते. मोबाइल काढते, बोंबलते. गाणाऱ्याकडं कोणी पाहत नाही, ऐकतही नाही. तू गाऊन राहिली आन् लोकाईनं आभाळाकडं पाहावं, हे मले नोको होतं.

सत्यशीला : आन् तिच्या गाण्यात चालते?

राजदीप : तिले तेच पायजे.

सत्यशीला : म्हणजे?

राजदीप : कोणाले सांगजो नोको. वरच्या पट्टीत तिचा श्वास पुरत नाही, सूर तुटते. तिनंच सांगितलं मले, ‘भाऊजी, त्या जागेवर काईतरी करा.’ तं त्या जागेवर सगळे बीम वर सोडाचे, हे मी भूषणले शिकवलं. लोक आरडते, शिट्ट्या मारते. तेवढ्यात ते श्वास घेऊन घेते.

सत्यशीला : हे गोम आहे तं! लोक मले म्हणते, सुजाताबाईनं वरचा सूर लावला का आंगावर काटा येते. काटा कायचा? बटनाचा! आता भाऊरावले सांगतोच मी.

राजदीप : नोको सांगू.

सत्यशीला : कावून? लय लाड येते तिचा?

राजदीप : तिनं भरवशानं सांगितलं. आपली कमी अशी तोंडानं कोणी सांगते का?

सत्यशीला : हो, लय गुणाची. माह्यात तं काईच गुण नाही.

राजदीप : मी असं म्हणलं का?

सत्यशीला : मले राग येते तिचा. चांगली वागली का जास्त येते. पण पाहा आता. लेजर तिच्यापेक्षा मोठी आन् सूरही माह्या. दोन्ही माह्यापाशी. भाऊराव पुढच्या जयंतीले इथं गच्चीवर येऊन हात नाही जोडले तं विचारा. शेवटी ऐकलं ना तुमी माह्यं? वर्षभर डोकं खाल्लं तवा अक्कल आली.

राजदीप : हो. आली.

सत्यशीला : केव्हा आली पण? दिवाळीपासून तं मी मागतही नोती. थकली मी मागून-मागून.

राजदीप : सीझन जवळ आला, म्हणून म्हणलं.

सत्यशीला : सीझन दरसाल येते. आपण बालाघाटहून आलो आन् दुसऱ्याच दिवशी तुमी सुखरामले फोन लावला. मी पोळ्या करून राहिली होती, ऐकला मी.

राजदीप : असन. कोणती ठेवू, सांग ना. तो खाली वाट पाहून राहिला.

सत्यशीला : बालाघाटले शेवटच्या कडव्यात माइक गेला होता ना?

राजदीप : हो.

सत्यशीला : माह्याच?

राजदीप : तुह्याच. कॉर्ड ढिली झाली होती.

सत्यशीला : गाणं संपल्यावर अध्यक्षानं त्याच माइकवर भाषण केलं. मी बाजूलेच उभी होती. खणखणीत चालला.

राजदीप : मी कॉर्ड हलवली मंधात.

सत्यशीला : तुमी तं आवाजाच्या मशीनपाशी होते. मैदानाच्या त्या टोकाले.

राजदीप : शीला, सोड ना आता.

सत्यशीला : राजदीप.

राजदीप : अवं, नाव नोको घेऊ, खाली सुखराम आहे.

सत्यशीला : माइक गेला होता का?

राजदीप : नाही.

सत्यशीला : मंग?

राजदीप : मीच आवाज खाली केला. तुह्या सूर... तो वर गेला आन् परत आलाच नाही. फाटला. लोकाईले समजायच्या आंधी मी बटन खाली ओढलं. कोणाले समजलं नाही. देवाजीलेही नाही.

सत्यशीला : मले वाटलं, गरम पाणी नाही पेलं म्हणून घसा बसला. मंग तुमी म्हणले माइक गेला, तं मले बरं वाटलं.

राजदीप : घसाच असन. डॉक्टरले दाखवू. आवाज जाते, येते.

सत्यशीला : पयलीच वेळ होती का?

राजदीप : तिसरी-चौथी असन. राजनांदगावलेही झालतं जराकसं.

सत्यशीला : भेव वाटून राहिलं मले. ते पिवळी लाइट... आता काढान का तुमी?

राजदीप : नाही. ते राहीन. फकस्त त्या एका जागेवर...

सुखराम : (खालून) दीदी! कौन सी रखूं? एक तो वापस ले जाना पडेगा!

सत्यशीला : मोठी ठेव! आन् धुराची मशीन पण पाठव!

सुखराम : वा दीदी! अब छोटी दीदी देखते रह जाएगी!

सत्यशीला : पाहू दे तिले. दहाचीच पायजे मले, समजलं ना? तिच्याएवढी नोको.

राजदीप : हो. दहाची.

सत्यशीला : आन् एक सांगा. सुजाताच्या वेळी ते बीम केव्हा सोडाले सांगितले तुमी भूषणले? श्वास तुटल्यावर?

राजदीप : नाही. थोडं आंधी.