सेन्सरवरची पांढरी टेप

आमच्या जुन्या गाडीचा जीव मीच घेतला, म्हणजे कसा ते ऐका. मी विहिरीवरच्या मोटारींना पाइप जोडणारा माणूस. आण्णा, म्हणजे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर घेतलेल्या त्यांच्या गाडीचा टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिन किती तापलं ते काट्यावर दाखवणारा, गेला. जुना कुठं मिळेना, म्हणून मी नव्या मॉडेलचा आणला. आट्यांत जरा ढिला बसत होता, तेव्हा सवयीनं वर पाइपाची गळती थांबवायची पांढरी टेप गुंडाळून आवळला. पाण्याचा थेंब गळला नाही, मी खूश.

भर उन्हात मी गाडी चालवत आण्णांना घेऊन जतला निघालो. कवठे महांकाळ सोडल्यावर आण्णा म्हणाले, "थांब रं, इंजिन तापल्याचा वास येतोय."

"आवं आण्णा, काटा बघा की. तळाला हाय."

ते अजून दोनदा म्हणाले, मी गाडी दामटली. जतच्या अलीकडं इंजिन जाम झालं.

मिस्त्रीनं सेन्सर खोलून टेप माझ्या हातात दिली. "गड्या, ह्याला आट्यातनंच अर्थिंग मिळतं. तू टेपनं तेच तोडलंस. काटा हलंल कसा?"

गाडी अजून दारात थंडगार उभी आहे. आण्णा रोज काचेतून तळाला टेकलेला काटा बघतात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "आता खरं बोलतोय."