कानात सांगितलेलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बाजार समितीतले आपले रावजी आप्पा. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मोहल्ला कमिटीचे मावळते सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी करीमुद्दीनसाहेब. व्यासपीठावरचे मौलानासाहेब आणि पिंपळगावच्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सलाम आणि नमस्कार.

आप्पांना उर्दू कळत नाही, म्हणून मराठीत बोला असं मला सांगितलं. बरं झालं. मागाहून कुणाला ‘समजलंच नाही’ म्हणता येणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, द्राक्षांच्या पेट्यांना खिळे ठोकणारा माणूस. माईकसमोर पहिल्यांदाच उभा आहे. निघताना सून म्हणाली, “अब्बा, गोळी घेतली ना? आणि थोडंच बोला.” गोळी घेतली आहे.

हाजीसाहेबांचं मोठेपण सांगायचं तर नावांपासून सुरुवात करावी लागेल. आमच्यात बाळाच्या कानात अजान देतात. आपल्या मोहल्ल्यात हे काम हाजीसाहेबांचं. अजान देऊन तिथेच ते नाव सांगायचे आणि अर्थही. नासिर म्हणजे मदत करणारा. अमीन म्हणजे भरवशाचा. सगळे अरबी शब्द, त्यांना तोंडपाठ. त्यांचं स्वतःचं नाव करीम, म्हणजे उदार. माणूस पुढे कसा निघेल हे नाव ठेवताना कुठे माहीत असतं? माझं नाव शाबान. शाबान महिन्यात जन्मलो, एवढंच. माझ्या बापाला दुसरा अर्थ येत नव्हता.

म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या मुलाला अर्थाचं नाव ठेवायचं. असद. असद म्हणजे सिंह. हाजीसाहेबांना आदल्या दिवशी जाऊन सांगितलं. ते हसले. म्हणाले, “शाबान, पेट्या ठोकणाऱ्याच्या घरात सिंह? बांधशील कुठे?” मीही हसलो. मोठा माणूस थट्टा करतो, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. बाळाच्या कानात अजान झाली आणि हाजीसाहेबांनी नाव सांगितलं, मिस्कीन. म्हणजे गरीब, लाचार. लोक म्हणाले, वा, किती नम्र नाव! माझी बायको पडद्याआड रडत होती. मी हाजीसाहेबांच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. विचारलं, “बदलता येईल का?” ते म्हणाले, “कानात गेलेलं नाव परत निघत नाही. गुनाह लागतो.”

मी मानलं. पुढच्याच महिन्यात त्यांना नातू झाला. नाव ठेवलं असद. असदभाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमचा यात काही दोष नाही, तुम्ही मान खाली घालू नका.

माझं पोर शाळेत गेलं की मुलं ओरडायची, “मिस्कीन आला रे, वाडगं आणा!” लग्नाच्या जेवणावळीत वाढपी म्हणायचे, “तू नंतर बस, तुझं नावच तसं हाय.” हे हसण्यासारखं आहे. हसा ना.

गेल्या वर्षी मौलानासाहेब मालेगावहून आले. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “चाचा, नाव केव्हाही बदलता येतं. वाईट अर्थाचं तर बदलावंच.” आणि मशिदीच्या जुन्या वहीत बघून सांगितलं की हाजीसाहेबांच्या पुतण्याचं नाव कल्लू, म्हणजे काळू, होतं, ते हाजीसाहेबांनीच बदलून कलीम केलं. कधी? माझ्या मिस्कीनच्या जन्माआधी. म्हणजे यांना माहीत होतं, लोकहो! गल्लीच्या टोकाला माझ्याकडे बघून हे बोलले, तेव्हा यांना माहीत होतं!

जरा पाणी द्या.

मी धावत मुलाकडे गेलो. तो म्हणाला, “राहू द्या अब्बा. टेम्पोवर मोठ्या अक्षरांत ‘मिस्कीन’ रंगवलंय, गिऱ्हाईक त्याच नावानं ओळखतं. आता ते हाजींचं नाय, माझं हाय.” त्याचं मन मोठं आहे. माझं नाही.

आता व्यासपीठावरच्या या पाळण्याबद्दल. कार्यक्रम पत्रिकेत छापलं आहे की, हाजीसाहेब आज शेवटची अजान माझ्या नातवाच्या कानात देतील. कमिटीने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. फुलांचा पाळणाही मीच सांगून सजवून घेतला. हाजीसाहेब, मघापासून तुम्ही त्यात डोकावताय. बाळ येणार नाही. त्याच्या कानात सकाळीच त्याच्या बापाने अजान दिली, मिस्कीनने.

मला नाव ठेवायचं होतं अब्दुल मुंतकिम, बदला घेणाऱ्या अल्लाहचा बंदा, म्हणजे सेवक. सून म्हणाली, “अब्बा, बदला तुमचा आणि नाव माझ्या लेकराचं?” तिचं मी ऐकलं. बाळाचं नाव असद आहे. पेट्या ठोकणाऱ्याच्या घरात सिंह आलाय, बांधायचा नाही, मोकळा ठेवायचाय. फोटोवाल्यांनी हाजीसाहेबांचा या पाळण्यासोबत एक फोटो घ्यावा आणि कमिटीने तो ऑफिसात लावावा.

आप्पा, मौलानासाहेब, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल, तर या सभागृहाने पोटात घालावं. हाजीसाहेबांची माफी मी मागत नाही. त्यांना मागायची असेल तर मिस्कीन दाराशी उभा आहे. माईक चालू ठेवून जातो.